पत्र्यामागे मी गेलो नव्हतो

मी जहाजावर नोकरीला आहे हे अमरावतीत कुणाला कळलं, की तो मला कॅप्टन म्हणायला लागतो. मी इंजिनियर आहे, इंजिनरूममध्ये तेलाने माखलेला माणूस आहे, कॅप्टन वर काचेच्या खोलीत असतो, हे सांगून सांगून मी दमलो आणि मग सांगायचं सोडून दिलं. खरं बोलायचं तर ते ऐकायला बरंही वाटायचं. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचं, नाहीतर धरणाचं. त्यामुळे समुद्रावरचा माणूस सुटीवर आला की त्याला कुठे ना कुठे बोलावतात, शाल आणि नारळ देतात आणि चार शब्द बोलायला लावतात. माझ्या घरी अशा सात शाली आहेत. बायको त्या पाहुण्यांना पांघरायला देते.

मागच्या सुटीत अमरावतीच्याच एका आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकणाऱ्या मुलांसमोर बोलायचं होतं. विषय माझ्या हातखंड्याचा, जहाजावरचं हॉट वर्क. ज्या कामात ठिणगी उडते किंवा लोखंड तापतं ते सगळं हॉट वर्क, मग ते वेल्डिंग असो, गॅस कटिंग असो की ग्राइंडर. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या दुकानात हे काम माणूस बिडी ओढत करतो. जहाजावर त्यासाठी लेखी परवाना लागतो, कारण भर समुद्रात आग लागली तर फोन करून बंब बोलावता येत नाही आणि पळून जायचं म्हटलं तर सगळीकडे पाणीच. म्हणून आधी जळण्यासारखं सगळं हलवायचं, बंद जागा असेल तर यंत्र लावून गॅस तपासायचा, पाण्याचा होज, म्हणजे लांब नळी, अंथरून ठेवायचा. एक माणूस नुसता पहाऱ्यावर उभा करायचा आणि काम संपलं तरी त्याला तास-अर्धा तास तिथून हलू द्यायचं नाही. हे सगळं मी मुलांना फळ्यावर चित्र काढून समजावलं. मला चित्रं बरी जमतात.

मग मी माझी ठरलेली गोष्ट काढली. एक फिटर होता, म्हणजे जहाजावरचा वेल्डिंगचा मिस्तरी. चांगला कारागीर, पण एकदा त्याने ज्या लोखंडी भिंतीवर वेल्डिंग करायचं होतं तिच्या मागे काय आहे ते पाहिलं नाही. मागे दोरखंड होते, चिंध्या होत्या. भिंत तापली, पलीकडे आग लागली, त्याचा हात भाजला, नोकरीही गेली. एवढं बोलून मी नेहमी थोडा थांबतो. मुलं चिडीचूप होतात. मग मी म्हणतो, "मागं जाऊन पाहाले दोन मिनिटं लागतात रे पोट्टेहो." टाळ्या पडतात.

ही गोष्ट मी सहा-सात ठिकाणी सांगितली आहे आणि प्रत्येक ठिकाणी ती खोटी सांगितली आहे. त्या दिवशी भिंतीमागे जाऊन पाहायचं काम फिटरचं नव्हतं. ते माझं होतं.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझी आई माझ्या एका काकांसाठी वापरायची. काका बिचारे फक्त उपवासाच्या दिवशी भजी खायचे.

आयटीआयतल्या त्या भाषणानंतर चहा घेताना वेल्डिंगचे सर माझ्याजवळ आले. "सर, हे तुमच्याच जहाजावर झालतं का?"

"हो."

"मंग तुमी त्याइले वयखत असान. मागच्या महिन्यात अकोल्याचे एक मिस्तरी आलते पोराइले शिकवाले. उजवा हात भाजलेला हाय त्याइचा. त्याइनं हेच सांगतलं. पन ते म्हने, चूक माहीच होती. आमच्या सायबानं सकाळी मांगं जाऊन पाह्यलं होतं, कागदावर सही केल्ती. मंग कोनंतरी तिथं दोर आनून टाकले. म्या काम सुरू कराच्या आंधी पुन्हा एक डाव पाहाले पाह्यजे होतं. आन सायबाचं तर लय कवतिक करत होते. देवमाणूस होते म्हने."

सरांनी मोबाइल काढून त्याचा नंबर वाचला आणि मी तो मुकाट्याने माझ्या मोबाइलमध्ये घेतला. त्यांना वाटलं, जुना सोबती सापडल्याच्या आनंदाने माणसाचा कंठ दाटला.

झालं होतं ते असं. सात वर्षांपूर्वी मी एका मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनियर होतो. इंजिनरूमचं रोजचं काम सेकंड पाहतो आणि त्याच्या डोक्यावर चीफ इंजिनियर असतो. त्या जहाजावर फिटर म्हणून जो आला तो निघाला अकोल्याचा. जहाजावर कोकणातली माणसं भेटतात, केरळची भेटतात, बिहारची भेटतात; वऱ्हाडातला माणूस भेटणं म्हणजे नवलच. पहिल्याच दिवशी पंपाच्या आवाजात तो ओरडला, "सायब, हे नट काहून निंगून नाई राह्यलं?" आणि मी हातातलं काम टाकून त्याच्याकडे पाहत राहिलो. नऊ महिन्यांनी 'का'ऐवजी 'काहून' ऐकलं होतं.

तो माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. मी त्याला मिस्तरी म्हणायचो. तो चारचौघांत मला सायब म्हणायचा आणि आम्ही दोघेच असलो की भाऊ. वडील अकोल्यातले जुने वेल्डर, त्यांच्याच हाताखाली शिकलेला. रविवारी कूकच्या हातापाया पडून तो झुणका करायचा आणि माझ्यासाठी झाकून ठेवायचा. त्याचं वेल्डिंग पाहण्यासारखं असायचं. त्याच्या कामात मला कधी खोट सापडली नाही. पुढेपुढे मी शोधायचंही सोडलं.

आमच्याकडे आपल्या माणसाला "केलं का?" असं विचारणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं. सोयरिकीतही कुणी कुणाला विचारत नाही. समोरचा समजून घेतो. घरात, शेतात, लग्नात ते ठीक आहे. आम्ही दोघांनी ते जहाजावर नेलं. मी त्याला विचारायचो नाही, तो मला विचारायचा नाही, आणि परवान्याचा कागद आम्हा दोघांमध्ये पाहुण्यासारखा येऊन जायचा. दुसरा एखादा फिटर असता तर त्याने खात्रीने विचारलं असतं, "सर, मागे चेक केलं ना?" आणि मी ओशाळून उठलो असतो.

त्या दिवशी जहाजाच्या मागच्या डेकवर एका पाइपचा गंजलेला टेका बदलायचा होता. टेका एका लोखंडी भिंतीला जोडलेला आणि भिंतीपलीकडे दोरखंडांचं स्टोअर. परवान्याच्या कागदावर एक ओळ छापलेली असते, की लगतच्या जागा दोन्ही बाजूंनी स्वतः जाऊन पाहिल्या. तिच्यापुढे मी खूण करायची, खाली सही करायची, आणि माझ्या भरवशावर चीफ आणि कॅप्टन सह्या करायचे.

मी खाली कंट्रोल रूममध्ये बसलो होतो. तिथे एसी असतो. बाहेर सकाळीच अंगाची लाही होत होती आणि मागच्या डेकपर्यंत पाच जिने चढायचे. माझ्यासमोर दुसराही एक कागद होता, माझ्या चीफ होण्याच्या बढतीचा अर्ज. तो मी फार मन लावून भरत होतो. परवाना आला तेव्हा मी खूण केली, सही केली, वेळ टाकली सकाळी आठ वाजून दहा मिनिटं आणि पुन्हा अर्जाकडे वळलो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. उंट तरी उन्हात असतो.

मिस्तरीने सही पाहिली, सामानाची जुळवाजुळव केली आणि दहाच्या सुमाराला काम सुरू केलं. पहाऱ्याचा माणूस आग विझवायचा सिलिंडर घेऊन त्याच्या शेजारी उभा होता, होज तयार होता, सगळं नियमाप्रमाणे होतं, पण भिंतीच्या अलीकडे. पलीकडे प्लास्टिकचे जुने दोरखंड थेट भिंतीला टेकून रचलेले होते आणि त्यांच्यावर चिंध्यांचं पोतं. ते सगळं तिथे दोन महिन्यांपासून होतं.

वीस मिनिटांत स्टोअरच्या झरोक्यातून धूर निघाला. मिस्तरीने हातातला वेल्डिंगचा होल्डर टाकला आणि धावत जाऊन दार उघडलं. तसं करू नये, दार उघडलं की आगीला हवा मिळते, हे त्यालाही माहीत होतं. पण स्टोअरच्या दुसऱ्या कोपऱ्यात रंगाचे दोन डबे कुणीतरी ठेवलेले होते आणि ते त्याला आठवले. त्याने जळता दोर हाताने ओढून बाहेर फेकला. प्लास्टिक वितळलेलं होतं. ते त्याच्या उजव्या हाताला चिकटलं आणि निघेना. तोवर पहाऱ्याच्या माणसाने होज सुरू केला आणि पाच मिनिटांत आग विझली. मी पाच जिने चढून वर पोचलो तेव्हा तो डेकवर बसला होता, हात बादलीत, आणि मला पाहून म्हणाला, "भाऊ, डबे वाचले."

संध्याकाळी कॅप्टनने मला अहवाल लिहायला सांगितलं. तो मी माझ्या हाताने लिहिला. लिहिलं की आठ वाजून दहा मिनिटांनी मी स्वतः स्टोअर पाहिलं तेव्हा भिंतीजवळ काही नव्हतं; त्यानंतर डेकवरच्या लोकांनी सामान हलवताना दोर तिथे ठेवले असावेत; आणि फिटरने काम सुरू करण्यापूर्वी पुन्हा पाहणी केली नाही. डेकचे लोक त्या स्टोअरमध्ये दिवसभर ये-जा करायचे, कोणी कधी काय ठेवलं हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येईना. माझं खोटं त्या गर्दीत सहज खपलं. पुढच्या बंदरात मिस्तरी उतरला. कंपनीने त्याचा उपचार केला आणि नंतर त्याला कधी बोलावलं नाही. मी चार महिन्यांनी चीफ झालो.

तो उतरताना मी त्याची बॅग उचलून शिडीपर्यंत नेली होती. सगळ्यांनी पाहिलं की सेकंड इंजिनियर फिटरची बॅग उचलतोय. आजही मला सगळ्यात जास्त लाज त्या बॅगेची वाटते. पुढची दोन वर्षं त्याचे ईदला आणि दिवाळीला मेसेज यायचे, मी त्यांना हात जोडल्याचं चित्र पाठवायचो. मग माझा नंबर बदलला आणि मी त्याला नवा कळवला नाही.

तर नंबर मोबाइलमध्ये घेतल्यावर मी पाच दिवस काहीच केलं नाही. तिवश्याला बहिणीकडे जाऊन आलो. घरातला नळ दुरुस्त केला, जो ठीक होता. सहाव्या दिवशी बायकोने विचारलं, "तुमचं काय बिनसून राहिलं?" तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग अजून इथंच काहून बसले?" मी सरांकडून दुकानाचा पत्ता घेतला आणि एसटीत बसलो. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, मी खिडकीशी बसून वाक्यं जुळवत होतो. अकोल्याला उतरलो तेव्हा मनात एकच इच्छा होती, की दुकान बंद असावं.

दुकान उघडं होतं. मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात, पुढे दुकान आणि मागे घर. मिस्तरीची दाढी पांढरी झालेली. मला पाहून त्याने डोळ्यावरचा काळा चष्मा काढला आणि दोन्ही हातांनी मला कवटाळलं. "बाप्पा! सायब! बसा, बसा." कामावर दोन गडी होते, दोघंही चाळिशीचे. त्यांना म्हणाला, "हेच ते सायब."

एका जिनिंगच्या कारखान्यातला पत्र्याचा मोठा नळ दुरुस्तीला आला होता. सरकीपासून वेगळा झालेला कापूस हवेने ओढून नेतात तो नळ. त्याच्या आत कापसाचे पुंजके चिकटलेले. वेल्डिंगपूर्वी एक गडी आत वाकला, झाडून पुसून ओलं फडकं फिरवलं, मग पत्र्यावर आतून हातोडीने तीनदा ठोकलं आणि ओरडला, "म्या पाह्यलं!" मग मिस्तरीने होल्डर हातात घेतला. डाव्या हातात. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत.

"हा आमच्या दुकानाचा कायदा हाय," मिस्तरी मला म्हणाला. "पल्लाडून ठोकल्याबिगर ठिनगी पडनार नाई. लोकं हासते. हासू द्या. जहाजावर म्या एक डाव पाह्यलं नाई ना, थे मले पुरलं."

चहा आला. तो आपणहून बोलायला लागला. तीन कंपन्यांत जाऊन आला होता. हात चालतो, डाव्याने काम होतं, डॉक्टरचं सर्टिफिकेटही मिळालं होतं. पण सगळे विचारतात, मागच्या कंपनीने पुन्हा काहून नाही बोलावलं? तिथे अहवालात निष्काळजी लिहिलेलं. "सायब, तुमी आता चीफ हाय. तुमी एक शब्द टाकला, का मानूस मेहनती हाय, एका चुकीपायी त्याले टाकू नका, तं मले पुन्हा घेतीन. मले एक डाव जहाजावरून चांगला उतराचं हाय. जखमी होऊन नाई."

जुळवलेली वाक्यं सगळी गेली. मी म्हणालो, "मिस्तरी, मी त्या दिवशी स्टोअरमध्ये गेलो नव्हतो."

"कोन्या दिवशी?"

"आगीच्या दिवशी. मी खाली बसून सही केली. दोर आधीपासूनच तिथं होते. अहवाल मी खोटा लिहिला."

त्याने वेल्डिंगचं मशीन बंद केलं. मग म्हणाला, "तुमी सकाळी पाह्यलं होतं. आठ दहाले. लिहिलं होतं ना कागदावर."

"लिहिलं होतं. पाहिलं नव्हतं."

मला वाटलं होतं तो शिव्या देईल. वऱ्हाडी माणूस शिव्या देतो, मोकळा होतो, तुम्हालाही मोकळं करतो. त्याने चहाचा कप बाजूला सारला. मला वाटतं, मिस्तरी तो सगळा दिवस पुन्हा एकदा पाहत होता, आणि या खेपेला मला त्यातून वगळून.

"सायब," शेवटी तो म्हणाला, "मले याद येते का सकाळी त्या कोपऱ्यात काईच नोतं. मले थे दिसते. रिकामा कोपरा दिसते. मी तं सकाळी तिथं गेलोच नोतो, मंग मले थे दिसते कसं?"

याचं उत्तर माझ्याजवळ होतं. माझा अहवाल मी त्याला वाचून दाखवला होता, त्याची सही घेण्यापूर्वी, जहाजावरच्या दवाखान्याच्या खाटेवर. तो रिकामा कोपरा मीच त्याच्या डोळ्यांत घातला होता. मी तसं त्याला सांगितलं. सांगताना माझा आवाज फाटला आणि मला त्याचाही राग आला, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

मी म्हणालो, कंपनीला मी पत्र देतो, आत्ता इथेच लिहून देतो. त्याने एका गड्याला वहीतलं पान आणायला सांगितलं. मी लिहिलं. परवान्यावर मी न पाहता सही केली, दोरखंड आधीपासून तिथे होते, फिटरची काहीही चूक नव्हती, अहवालातली वेळ आणि पाहणी खोटी आहे. सही केली आणि पान पुढे केलं. पूर्वी माझी सही दिसली की तो कागद घडी करून खिशात घालायचा. आता त्याने चष्मा लावला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत सावकाश वाचलं. दोनदा वाचलं. मग विचारलं, "यातलं समदं खरं हाय ना सायब?"

"खरं आहे," मी म्हणालो. मला तो प्रश्न विचारला गेला याचं वाईट वाटावं, एवढीसुद्धा लायकी मी ठेवली नव्हती.

त्याने पान गड्यांसमोर धरलं. "या दोघाइले मी रोज सांगतो का माह्यावानी करू नका. आता तुमी सांगा त्याइले." मी सांगितलं. एक गडी ऐकता ऐकता माझ्या बुटांकडे पाहत होता. दुसऱ्याने फक्त विचारलं, "मंग मिस्तरीचा हात?" मी म्हणालो, माझ्यामुळे. मग मिस्तरीची बायको बाहेर आली आणि त्याने मला तिलाही सांगायला लावलं. ती दाराला धरून ऐकत उभी राहिली आणि मग आत गेली. मिस्तरी म्हणाला, "अमरावतीच्या पोराइलेबी म्या खोटंच सांगतलं मंग. तिथं जाऊन सांगान ना?"

"सांगेन." मी सरांना तिथूनच फोन लावला आणि पुढच्या सोमवारची वेळ घेतली. त्याच्यासमोर लावला, कारण नुसत्या 'सांगेन'वर त्याने का विश्वास ठेवावा?

मला वाटलं, संपलं. खरं सांगतो, थोडं हलकंही वाटायला लागलं होतं. मनाला निर्लज्जपणा किती लवकर सुचतो पाहा. तेवढ्यात तो उठून म्हणाला, "आता आत चला. अम्मी हाय."

मागच्या खोलीत त्याची आई बाजेवर बसून सुपात तूर निवडत होती. मिस्तरी तिच्या कानाजवळ वाकला आणि मी कोण ते सांगितलं. तिचा चेहरा उजळला. "तुमी थे सायब! याच्या तोंडी लय नाव असते तुमचं. बसा ना बाबू."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. जहाज, परवाना, भिंत यातलं तिला काही कळलं असेल असं वाटत नाही. तिने एवढंच विचारलं, "म्हंजे याची चूक नोती?"

"नव्हती, अम्मी. माझी होती."

ती लेकाकडे वळली. "तेरे अब्बा को मालूम होना था." मग माझ्याकडे पाहून, अगदी साधेपणाने, कुणी घरातलं दुखणं सांगावं तसं म्हणाली, "याच्या अब्बानंच याले काम शिकवलं. अर्ध्या अकोल्याले शिकवलं त्याइनं. हा हात घेऊन आला ना, तवापासून म्हनत, पोट्ट्याची चूक नाई, माह्याच शिकवन्यात कसर राह्यली. पयले शिकवत होतो, मांगं पाहा, मांगं पाहा. याले सांगाले मी कमी पडलो. मंग त्याइनं शिकवनंच बंद केलं. कोनी आलं तं म्हनत, मले येत नाई. हातात होल्डर घेतला नाई पुन्हा."

मिस्तरी भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"केव्हा गेले?" मी विचारलं.

"दोन सालं झाले. उन्हाळ्यात. लास्टपर्यंत थेच म्हनत होते."

त्या उन्हाळ्यात मी सुटीवर होतो. चार महिने अमरावतीत, घरीच होतो.